आदिवासी ज्ञानाचे ग्रंथपाल: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१

पुण्याच्या ज्ञानव्यवहारात १८४८ हे वर्ष दोनदा येते. त्या वर्षी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. एका संस्थेने छापील पुस्तक लोकांपुढे ठेवले, तर दुसरीने वाचक कोण होऊ शकतो या प्रश्नाचे शहराने दिलेले जुने उत्तर मोडून काढले. या दोन कामांतून पुढे एक तिसरा प्रश्न उभा राहतो आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. कोणते ज्ञान नोंदवायचे, ते कोणाच्या नावावर मांडायचे, कोणत्या कपाटात ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे, हे कोणी ठरवायचे?

आदिवासी समाजांच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यांत तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख आहे. म्हणजे राज्यातल्या दर अकरा माणसांत जवळपास एक. या समाजांविषयी लिहिलेली पुस्तके, अहवाल, प्रबंध आणि सर्वेक्षणे पुण्याच्या ग्रंथालयांत भरपूर आहेत. ती कपाटे सांभाळणारा, त्यांची तालिका करणारा आणि त्यांत काय कमी आहे हे ओळखणारा माणूस त्याच समाजांतून आलेला असेल, तर ग्रंथालयाचे काम कसे बदलेल? या प्रश्नाचा अभ्यास म्हणजे आदिवासी ग्रंथपालन. पदवीधर ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यात येतात. आश्रमशाळेत पुस्तकांच्या पेटीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते शिक्षक येतात. लग्नात विधीची गाणी म्हणणारी वारली धवलेरी आणि तंतुवाद्यावर गोंडांच्या कुळांची वंशावळ गाणारे परधानही येतात. ज्ञान सांभाळणे, योग्य वेळी योग्य माणसाला देणे आणि पुढच्या पिढीकडे सोपवणे हे काम ही सगळी माणसे करतात.

या क्षेत्रात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे: आदिवासी ज्ञान पुण्यात आले, पण ते ज्यांचे होते ती माणसे त्याच्याबरोबर निर्णयाच्या जागी आली नाहीत. आता ती यावीत, एकत्र बसावीत आणि इथे जमा झालेले पुन्हा आपल्या हाती घ्यावे. त्यासाठी आधी एकमेकांची गाठ पडायला हवी, कारण ही विद्या एकट्याने चालवण्यासारखी नाही.

२

हे ज्ञान पुण्यात कसे आले, हे आधी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याची गॅझेटियर तयार झाली. खानदेशाचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा आणि पुण्याचा १८८५ चा. भिल्ल, वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्याविषयी या खंडांत पुष्कळ माहिती आहे. ती महसूल आणि बंदोबस्त पाहणाऱ्या राज्यकर्त्यांसाठी गोळा केली होती आणि हे तिच्या प्रत्येक पानावर दिसते. पुढे ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मुंडा आणि द्राविडी भाषांचा खंड १९०६ मध्ये, तर भिल्ली भाषा आणि खानदेशी यांचा भाग १९०७ मध्ये आला. प्रत्येक बोलीचा नमुना मिळवण्यासाठी या सर्वेक्षणाने बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे त्या त्या बोलीत भाषांतर करून घेतले. तुलनेसाठी ती पद्धत सोयीची होती. परिणाम मात्र असा झाला की कित्येक बोली पहिल्यांदा कागदावर आल्या त्या दुसऱ्याची गोष्ट सांगत. आपल्या डोंगऱ्या देवाची किंवा याहा मोगी देवीची कथा सांगण्याची पाळी नंतर आली.

विसाव्या शतकात पुणे या अभ्यासाचे एक केंद्र झाले. व्हेरिअर एल्विन १९२७ साली भारतात आले ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात. पुढे शामराव हिवाळे यांच्या साथीने ते मध्य प्रांतात गोंडांमध्ये राहायला गेले. १९४३ साली गोविंद सदाशिव घुर्ये यांचे आदिवासींच्या भवितव्यावरचे पुस्तक पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केले. आदिवासींना वेगळे राखावे की हिंदू समाजात सामावून घ्यावे, हा एल्विन आणि घुर्ये यांच्या नावाने ओळखला जाणारा वाद भारतीय समाजशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. दोन्ही बाजू अभ्यासू आणि कळकळीच्या होत्या, आणि दोन्ही बाहेरच्या होत्या. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी पश्चिम खानदेशातील भिल्लांचे सर्वेक्षण केले. त्यांची शिस्त आणि सहृदयता आजही शिकण्यासारखी आहे. तरीही प्रश्नावली पुण्यात तयार होत होती आणि उत्तरे धडगाव-अक्कलकुव्याकडून येत होती.

१९६२ साली पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. क्वीन्स गार्डन भागातल्या या संस्थेत आज आदिवासी संग्रहालय आणि खास या विषयाला वाहिलेले ग्रंथालय आहे. या संस्थेचे संचालकपद पुढे डॉ. गोविंद गारे यांच्याकडे आले, ही आपल्या क्षेत्राच्या इतिहासातली फार महत्त्वाची घटना मानायला हवी. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे, महादेव कोळी समाजात जन्मलेले गारे स्वतः संशोधक होते. आपल्या समाजावर आणि महाराष्ट्रातल्या इतर जमातींवर त्यांनी पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. ज्याच्याविषयी नोंदी होत होत्या, तो नोंदी करणाऱ्याच्या आणि त्या राखणाऱ्याच्या जागेवर बसला. आदिवासी ग्रंथपालनाची पुण्यातली सुरुवात मी तिथून धरतो.

दुसरीकडे लेखकांनी वाट काढली होती. १९७९ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम, विनायक तुमराम, उषाकिरण आत्राम, नजुबाई गावित ही नावे त्या प्रवाहाने मराठीला दिली. आपल्याविषयी आपण लिहायचे, हे त्या पिढीने ठरवले. लिहिलेले कुठे आणि कसे राहील, हे ठरवणाऱ्यांची पिढी मात्र अजून एकत्र बसलेली नाही.

३

जगात इतरत्र ती बसली आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी ग्रंथपाल आणि अभिलेखपालांची ‘ते रोपू फाकाहाउ’ ही संघटना १९९२ पासून काम करते. १९९९ साली ऑकलंडला जगभरच्या आदिवासी ग्रंथपालांचा पहिला मेळावा भरला. पुढे सामी लोकांच्या प्रदेशात योकमोक आणि कारास्योक, अमेरिकेत सांता फे, कॅनडात रेजायना अशा ठिकाणी तो भरत गेला. या यादीत देशांच्या राजधान्यांपेक्षा त्या त्या समाजांच्या भूमीला मान आहे, हे लक्षात घ्या. पाहुणे यजमान समाजाच्या रीतीने स्वागत स्वीकारतात, ज्येष्ठांचे ऐकतात, मग कामाला बसतात. ओळख करून देताना पदाच्या आधी गाव, नदी आणि कूळ सांगण्याची माओरी रीत इथल्या कुठल्याही वारली किंवा कोकणा माणसाला परकी वाटणार नाही.

अशा संगतीतून ठोस कामे झाली. ऑस्ट्रेलियात आदिवासींविषयीच्या सामग्रीची हाताळणी ग्रंथालयांनी कशी करावी याचे संकेत १९९५ साली लिहिले गेले. अमेरिकेतल्या मूलनिवासी अभिलेखांसाठी २००६ साली नियमावली तयार झाली. तिथल्या अभिलेखपालांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला औपचारिक मान्यता दिली ती २०१८ साली. बारा वर्षे लागली, आणि तेवढा काळ हा आग्रह धरून ठेवायला एकमेकांना ओळखणारी माणसे लागली. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली स्वीकारलेल्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यात आपल्या पारंपरिक ज्ञानावर ताबा राखण्याचा आणि त्याचे रक्षण करण्याचा हक्क ३१ व्या कलमात आला. भारताने त्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले आहे.

४

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ग्रंथपाल पुस्तक हाती आले की त्याला दाखल क्रमांक देतो, वर्गांक देतो, लेखकाचे नाव आणि विषयशीर्षक लिहितो. या चारही कृती साध्या दिसतात, पण त्या प्रत्येकीत एक निर्णय आहे.

वर्गांकापासून सुरुवात करू. महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्रंथालयांत ड्युई पद्धत चालते. मराठी कवितेचे पुस्तक ८९१.४६ मध्ये, साहित्याच्या दालनात जाते. धवलेरीची गाणी मात्र बहुधा ३९८ वर, लोकसाहित्यात जातात. वारली समाजाविषयीचे पुस्तक ३०५.८ वर, वांशिक गटांत. आजीने सांगितलेली पिकाची जाण शेतीत पोचत नाही आणि वैदूचे औषध वैद्यकात पोचत नाही. एका समाजाचे काव्य, शेती, औषध आणि धर्म हे सगळे ‘आदिवासी’ नावाच्या एका फडताळात कोंबले, की वाचकाला नकळत शिकवण मिळते की या लोकांकडे चालीरीती आहेत, शास्त्र नाही. कानावाकेच्या मोहॉक समाजातले ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी १९७० च्या दशकात कॅनडात स्वतःची वर्गीकरण पद्धत रचली. तीत त्यांनी कपाटांचा क्रम मूलनिवासी समाजांच्या परस्परसंबंधांवरून लावला. आजही तिथली काही ग्रंथालये तिची सुधारित रूपे वापरतात. माओरी ग्रंथपालांनी माओरी विषयशीर्षकांची स्वतंत्र सूची उभी केली. भारताला तर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची परंपरा आहे. एका विषयाचे अनेक पैलू स्वतंत्रपणे मांडून जोडण्याची त्यांची द्विबिंदू पद्धत १९३३ ची. एकाच कथेत देव, बी, ऋतू आणि नाते एकत्र नांदत असतील, तर तिच्या नोंदीसाठी या विचाराइतके उपयोगी हत्यार दुसरे नाही. पुण्यातल्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी घ्यावा असा हा विषय आहे.

भाषेचा मुद्दाही इथलाच. २०११ च्या जनगणनेत देशभर भिली-भिलोडी बोलणारे १ कोटी ४ लाख, गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख, मेळघाटातली कोरकू बोलणारे ७ लाखांहून अधिक आणि कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या वर नोंदले गेले. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत यांपैकी एकही नाही. जळगाव जामोदच्या बाजूची निहाली तर अशी भाषा आहे की जिचे कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला आणि तो २०१३ साली पुण्याच्या पद्मगंधा प्रकाशनाने काढला. या भाषांच्या ग्रंथपालाने तो हाताशी ठेवावा. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली लिपी तयार केली. तिला आणि गुंजाळा गोंडी या दुसऱ्या लिपीला अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडात जागा मिळाली. म्हणजे आता गोंडी पुस्तकाची नोंद गोंडी लिपीत करता येते. ती करणारा माणूस तेवढा हवा.

मग लेखकाचे नाव. मौखिक ज्ञानाच्या संग्रहात संकलकाचे नाव मुखपृष्ठावर असते आणि सांगणारी व्यक्ती ‘एक वृद्ध स्त्री’ होऊन जाते. हे टाळता येते, याचा उत्तम दाखला पुण्यातच आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह केला, त्यात ओवी गाणारीचे नाव आणि गाव नोंदण्यावर भर होता. मुळशी-मावळातल्या शेतकरी बायका त्यामुळे कवयित्री म्हणून तालिकेत आल्या. हा संग्रह मुख्यतः आदिवासी नाही, पण त्याने घालून दिलेला दंडक आपल्या क्षेत्राने जसाच्या तसा उचलावा. ज्याच्या तोंडून ऐकले त्याचे नाव, त्याची संमती असेल तर, लेखकाच्या जागी लिहावे.

५

यापुढचा प्रश्न अवघड आहे आणि पुणेकर वाचकाला तो अधिक अवघड जाईल. सगळे ज्ञान सगळ्यांना खुले असावे का?

ग्रंथालयशास्त्राचा जीव मोकळेपणात आहे. प्रत्येक वाचकापर्यंत त्याचे पुस्तक पोचवायचे, हा रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्रांचा गाभा. महाराष्ट्रात या मोकळेपणाला आणखी एक अर्थ आहे. इथे शतकानुशतके जातीच्या नावाखाली ज्ञानाची दारे बंद ठेवली गेली आणि फुले, आंबेडकरांनी ती उघडली. म्हणून ‘हे ज्ञान सर्वांना दाखवायचे नाही’ असे कोणी म्हटले, की आपल्या मनात संशय उभा राहतो. तो उभा राहिला पाहिजे. पण बंदी कोण कोणावर घालतो आणि कशासाठी, हे तपासल्याशिवाय निकाल देऊ नये. बलवानाने दुर्बलाला वंचित ठेवण्यासाठी लावलेले कुलूप आणि ज्याच्याकडून वारंवार काढून नेले गेले त्याने आपले उरलेले राखण्यासाठी लावलेली कडी, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

हळदीचे उदाहरण घ्या. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची सूत्रे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून गेलेल्या रघुनाथ माशेलकर यांच्याकडे होती. परिषदेने जुने लिखित पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. यातून पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, आणि ते सुरुवातीला पेटंट तपासणाऱ्या कार्यालयांपुरतेच राखले गेले. देशाने आपले ज्ञान वाचवण्यासाठी मर्यादित प्रवेशाचा मार्ग निवडला, यात कोणाला वावगे वाटले नाही. मात्र ते ग्रंथालय मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा लिखित परंपरांवर उभे आहे. कर्जतच्या डोंगरातल्या कातकरी वैदूचे ज्ञान ग्रंथात नाही. ते नोंदले नाही तर पुरावा उरत नाही. नोंदून सगळ्यांपुढे टाकले तर ते कोणीही नेतो. या दोन धोक्यांच्या मधून वाट काढण्यासाठीच आदिवासी ग्रंथपाल हवा.

वाटा आहेत. मध्य ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ ही संगणकीय संग्रहप्रणाली घडली. तीत कोणते छायाचित्र कोणी पाहावे, हे समाजाच्या रीतीप्रमाणे ठरवता येते. २०१० पासून ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमाने पारंपरिक ज्ञानासाठी खुणेच्या चिठ्ठ्या विकसित केल्या आहेत: ही सामग्री स्त्रियांसाठीची आहे, हिचे श्रेय अमुक समाजाला द्यावे, ही विशिष्ट ऋतूतच वापरावी. ऋतूची चिठ्ठी आपल्याकडे सहज समजेल. धान्यदेवता कन्सरीची कथा, लग्नात काढला जाणारा चौक, डोंगऱ्या देवाची गाणी यांना आपापली वेळ असते आणि त्या वेळेबाहेर ती काढत नाहीत. तालिकेत वेळेची नोंद करायला एक रकाना वाढवावा लागेल, एवढेच.

समाजाच्या आत कोण ठरवणार, हा प्रश्नही टाळता येणार नाही. समाजाच्या नावाने मोजक्या पुरुषांनी घेतलेला निर्णय पुरेसा मानला, तर जुनीच चूक नव्या नावाने होईल. ग्रामसभेत, बायका आणि तरुण हजर असताना, एकेका सामग्रीविषयी बोलून निर्णय व्हावा, तो लिहून ठेवावा आणि काही वर्षांनी पुन्हा तपासावा. वाद झाले तर तेही नोंदावेत, कारण जिवंत समाजात वाद असतातच.

६

ग्रंथपालाच्या हातून न्यायाचे कामही होते, आणि महाराष्ट्रात ते झालेले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी आहे. तीत गॅझेटियर, जनगणना, सर्वेक्षण आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे येतात; त्याच यादीत दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले निवेदनही येते. कायद्याने म्हातारीच्या आठवणीला आणि छापील खंडाला एका रांगेत बसवले आहे. ज्या १८८५ च्या खंडात एखाद्या वाडीचा आणि तिच्या जंगलाचा उल्लेख सरकारी गरजेपोटी झाला, तेच पान आज त्या वाडीच्या हक्काचा आधार होऊ शकते. पण आंबेगावच्या डोंगरातल्या माणसाला ते पान पुण्याच्या कोणत्या कपाटात आहे हे सांगणारे कोणी हवे, आणि आजीचे निवेदन तिच्या बोलीत नीट उतरवून घेणारेही कोणी हवे. दोन्ही कामे एकच माणूस करू शकतो.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्यामागे वर्षानुवर्षे चाललेला गावाचा अभ्यासगट होता. बाहेरचे जाणकार आणि गावकरी एकत्र बसायचे, वाचायचे, बोलायचे. निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने व्हायचा. वाचन आणि निर्णय यांची अशी सांगड घालणारा अभ्यासगट हे महाराष्ट्राने या क्षेत्राला दिलेले अस्सल योगदान आहे. ग्रंथालयाच्या इमारतीआधी तो हवा.

दुसरे योगदान अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचे. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. पुण्याच्या वारज्यातून चालणाऱ्या ‘बाएफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायचे, ही त्यांची रीत. कोणत्याही ग्रंथालयाच्या देवघेव विभागाने हेवा करावा असा हा नियम आहे: नेलेले वापरल्यानेच वाढते. बियाण्याबरोबर ते कधी पेरायचे, कसे राखायचे आणि कशासाठी शिजवायचे हेही दिले जाते. त्यामुळे संग्रह आणि त्याचा वापर वेगळे पडत नाहीत.

७

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली, अ, ब, क, ड वर्गांत विभागलेली अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत. पुण्याच्या अभ्यासिकांत नंदुरबार, पालघर, गडचिरोलीहून आलेली शेकडो आदिवासी मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसलेली असतात. त्यांतली कित्येक आपल्या घरातली पहिली पदवीधर आहेत. या सगळ्या जागी आदिवासी ज्ञानाची काळजी वाहणारा कोणी ना कोणी आहेच. तो एकटा आहे, ही अडचण. धारणीच्या शिक्षिकेला कोरकू गोष्टी उतरवताना जो पेच पडतो, तोच जव्हारच्या ग्रंथपालाला वारली गाण्यांबाबत पडतो, आणि दोघांची भेट होत नाही.

म्हणून मेळावा हवा, आणि पहिला मेळावा पुण्यात हवा. कारण साधे आहे: कागद इथे आहेत. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, डेक्कन कॉलेज, गोखले संस्था, विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे पुराभिलेखागार या सगळ्यांत मिळून काय काय आहे, हे एका जागी लिहिलेले हवे. मेळाव्याचे पहिले फलित म्हणून या सामग्रीच्या संयुक्त तालिकेला हात घालावा. प्रत्येक नोंदीत गाव लिहावे, जमात लिहावी, सांगणाऱ्याचे नाव सापडले तर लिहावे, आणि ती सामग्री त्या गावाला परत कशी पोचेल याचा रकाना ठेवावा. पुढचा मेळावा धडगाव, भामरागड किंवा जव्हारला भरावा आणि तिथे ती तालिका लोकांपुढे वाचली जावी.

वेळेचाही विचार करावा. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आणि १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जन्मदिनी ग्रंथपाल दिन असतो. दोन दिवस शेजारी आहेत म्हणून मेळावा तेव्हाच घेण्याचा मोह होईल. पण ऑगस्टात सह्याद्रीत भातखाचरांची कामे संपलेली नसतात, आणि मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. ज्येष्ठांना बोलवायचे तर पीक घरात आल्यावर, पौष-माघात बोलवावे. त्यांना मानधन आणि प्रवासखर्च संशोधकांच्या बरोबरीने द्यावा. त्यांच्या बोलीत बोलणे व्हावे आणि दुभाष्याचे काम तरुण ग्रंथपालांनी करावे. कोणते सत्र ध्वनिमुद्रित करायचे, हे त्या सत्रातल्या माणसांनी ठरवावे.

८

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत आहे आणि प्रत्येकासाठी काम आहे. आदिवासी समाजातून आलेल्या विद्यार्थ्याला माझे सांगणे असे, की ग्रंथपालाची नोकरी ही केवळ सुरक्षित नोकरी समजू नका. तुमच्या घरात जे बोलले जाते त्याला विद्यापीठाच्या तालिकेत मानाची जागा मिळवून देण्याचा अधिकार तिच्यात आहे. तुमच्या आजोबांना माहीत असलेल्या झाडांची नावे तुम्हाला येत असतील, तर ती पात्रता समजा.

आदिवासी नसलेल्या अभ्यासकाचेही इथे काम आहे. जुन्या लिपी वाचणे, मोडी कागद उलगडणे, संगणकीय तालिका बांधणे, इंग्रजी अहवालांचे मराठीत आणि मराठीतून बोलींत भाषांतर करणे, हे सगळे हवे आहे. मात्र निर्णयाची खुर्ची समाजाकडे असेल, हे मान्य करून यावे. ज्यांनी पूर्वी आदिवासी भागांत क्षेत्रकार्य केले, त्यांच्या घरी जुन्या ध्वनिफिती, छायाचित्रे, टिपणवह्या पडून असतील. त्या आता बाहेर काढाव्यात, कोणाच्या आहेत हे आठवून लिहावे आणि त्या गावांशी बोलावे. माणसे हयात आहेत, तोवर हे सोपे आहे.

आणि ज्या संस्थांकडे संग्रह आहेत त्यांनी दोन गोष्टी लगेच कराव्यात. आपल्याकडील आदिवासीविषयक सामग्रीची यादी खुली करावी, म्हणजे काय आहे ते कळेल. आणि त्या सामग्रीतली कोणती खुली ठेवायची हे संबंधित समाजांना विचारावे. यादी खुली आणि मजकूर संमतीने, या एका नियमावर पुढची सगळी इमारत उभी राहू शकते.

१८४८ मध्ये या शहराने वाचनालय काढले आणि शाळाही काढली. दोन्ही ठिकाणी सुरुवात थोड्याच माणसांनी केली, आणि शाळेसाठी तर विरोधही सोसला. आदिवासी ग्रंथपालांचे संघटन त्याच तोडीचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी माणसे आज महाराष्ट्रात आहेत. त्यांनी एकमेकांना पत्र लिहावे, आपल्या कपाटाची यादी बरोबर घ्यावी आणि यावे.